आईबापांची शाळा

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. कापसाचा मुलूख. आपल्या वऱ्हाडातील माणसाला तिथले ऊन आणि तिथली शेते अगदीच परकी वाटू नयेत. या राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. १९३८ साली या गावातील एका वकिलाने आपल्या मुलाविषयी बाल्टिमोर शहरातील एका डॉक्टरांना पत्र पाठवले. वकिलाचे पत्र म्हणजे ते तपशीलवार असणार हे ओघानेच आले. पण हे पत्र पुरे झाले तेव्हा त्याची टंकलिखित ३३ पाने भरली होती.

मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट, वय पाच वर्षे. हे मूल दोन वर्षांचे असतानाच एक आख्खे स्तोत्र तोंडपाठ म्हणून दाखवी. पण हाक मारली तर वळून पाहत नसे. भांडी गरगर फिरवण्यात त्याचा तासन्‌तास वेळ जाई, आणि मध्येच कोणी अडवले की तो घर डोक्यावर घेई. आई आली काय आणि गेली काय, त्याला फरक पडल्यासारखे दिसत नसे. एकटा असला की मात्र तो सुखात असे. बापाने हे सारे जसे दिसले तसे, काही न लपवता लिहून काढले होते.

ते डॉक्टर होते लिओ कॅनर. पाच वर्षांनी, १९४३ साली, त्यांनी अकरा मुलांची हकीकत एका लेखात छापली आणि त्या लेखातूनच ज्याला आज आपण मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतो, ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, त्या अवस्थेला शास्त्रात जागा मिळाली. त्या अकरांतले पहिले मूल डोनाल्ड. आणि त्याच्याविषयी कॅनरसाहेबांना जे कळले, त्यातला फार मोठा भाग त्या ३३ पानांतूनच कळला. म्हणजे या विषयाचा पहिला पुरावा एका बापाने लिहिलेला आहे. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे ती शास्त्रज्ञांच्याच ध्यानातून वीस-पंचवीस वर्षे निसटली होती.

मी इतिहासाचा प्राध्यापक. वैद्यकाशी माझा संबंध पडसे-खोकल्यापुरता. मग हा विषय मी का घेतला, असे तुम्ही विचाराल. गेल्या उन्हाळ्यात प्राथमिक शिक्षकांच्या एका शिबिरात मी इतिहास कसा शिकवावा यावर बोलायला गेलो होतो. चहाच्या वेळी एक बाई जवळ आल्या. त्यांच्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. बोलतो थोडे, तेही ऐकलेलेच पुन्हा बोलतो. घंटा वाजली की कानांवर हात ठेवून किंचाळतो. त्याची आई सकाळपासून शाळा सुटेपर्यंत फाटकाशी बसून असते, कारण कोणत्या क्षणी तिला आत बोलावतील याचा नेम नसतो. गाव म्हणते, आईने लाडावून ठेवले. घरचे म्हणतात, आईचे लक्ष नाही. एकाच बाईवर दोन्ही आरोप, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. बाईंनी मला विचारले, “सर, यात आईची चूक किती हो?”

खरे सांगतो, मी वरमलो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या एका अशाच मुलाबद्दल मीही म्हणून गेलो होतो की घरात दोन रट्टे मिळाले असते तर पोरगे सुधारले असते. त्या मुलाच्या आईने ते ऐकले होते. त्या शिबिरातल्या बाईंना मी म्हटले, औषधपाण्याचे डॉक्टरांना विचारा. पण तुम्ही विचारलेला प्रश्न जुना आहे, त्याला इतिहास आहे, तो मी शोधून सांगतो. हे त्या शोधाचे कागद.

आधी एक खुलासा. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आणि कोणाच्या संगतीने लागणारा रोगही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून काहीशी निराळी असते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे, आवाजातले, नजरेतले अर्थ आपल्याला न शिकवता कळतात. या मुलांना ते तसे कळत नाहीत. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श यांतले आपल्याला जाणवतही नाही असे काही त्यांना सोसवत नाही. एकच गोष्ट पुन्हापुन्हा करण्यात त्यांना आधार वाटतो. कोणी मुळीच बोलत नाहीत, कोणी पुस्तकासारखे बोलतात. ‘स्वमग्न’ हा शब्द एका परीने फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, मूल आपल्याच तोऱ्यात आहे. तोरा कसला! पुष्कळदा ते घाबरलेले असते.

कॅनरनी १९४३च्या लेखाच्या शेवटी ही अवस्था जन्मजात असावी असे लिहिले होते. पण त्याच लेखात त्यांनी असेही एक निरीक्षण टाकून दिले की या मुलांच्या आईबापांत मायाळू माणसे थोडी दिसली. पुढे १९४९च्या लेखात हा सूर अधिक चढला आणि बर्फाच्या कपाटाची उपमा आली. रेफ्रिजरेटरसारखी थंड आई! उपमा एकदा तोंडी बसली की तिला पुरावा लागत नाही, हे आम्हा इतिहासवाल्यांना चांगले ठाऊक आहे. कॅनरनी पाहिलेली कुटुंबे होती कोणती? लांबून बाल्टिमोरला मूल आणण्याइतका पैसा आणि शिक्षण असलेली. वकील, डॉक्टर, प्राध्यापक. गरिबाचे मूल तिथवर पोचतच नव्हते. दवाखान्याच्या दारात जे आले त्यावरून साऱ्या जगाचा अंदाज बांधला गेला.

या समजाचा कळस झाला तो शिकागोत. ब्रूनो बेटेलहाइम हे मूळचे व्हिएन्नाचे गृहस्थ. १९३८-३९ साली नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत ते राहून आलेले होते. छावणीतला कैदी जसा मन मिटून घेतो, तसे हे मूल आईच्या नकारामुळे मन मिटून घेते, असा त्यांचा सिद्धान्त. १९६७ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले आणि फार गाजले. उपाय काय, तर मुलाला आईबापांपासून तोडून संस्थेत ठेवणे. स्वतः छळ सोसलेल्या माणसाने हजारो निरपराध आयांना छळणाऱ्यांच्या रांगेत बसवावे, याचे मला आजही राहून राहून आश्चर्य वाटते.

या सिद्धान्ताला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापानेच. बर्नार्ड रिमलँड हे कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे नौदलाच्या नोकरीत असलेले मानसशास्त्रज्ञ. १९५६ साली त्यांना मुलगा झाला. तो सतत रडे, कुशीत शिरत नसे. आपल्या कॉलेजातल्या एका जुन्या पुस्तकात अशा मुलांविषयी वाचल्याचे त्याच्या आईला आठवले, आणि ते पुस्तक शोधून काढल्यावर या नवराबायकोंना ‘ऑटिझम’ हा शब्द प्रथम सापडला. रिमलँडनी मग जे जे छापलेले मिळेल ते वाचून काढले आणि १९६४ साली पुस्तक लिहिले. आई थंड असल्याचा पुरावा कोठेच नाही, ही अवस्था शरीरातून, मेंदूतून येते, असे त्यांनी त्यात मांडले. त्या पुस्तकाला प्रस्तावना कोणाची? खुद्द कॅनर यांची! पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, रिमलँड आणि इतर पालकांनी मिळून अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संस्था काढली. त्या संस्थेच्या सभेत १९६९ साली वृद्ध कॅनर उभे राहिले आणि त्यांनी समोर बसलेल्या आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. इंग्लंडमध्ये तर पालकांनी १९६२ सालीच संस्था काढली होती. तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग होत्या, ज्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञही होत्या आणि अशा एका मुलीच्या आईही. १९७७ साली सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. निराळ्या बीजांच्या १० जोड्यांत एकही नाही. संगोपनाचा दोष असता तर असा फरक का पडावा?

आई सुटली खरी. पण नुसते निर्दोष सुटून घरी जे मूल आहे त्याचे काय करायचे? ते रात्री झोपत नाही, डोके भिंतीवर आपटून घेते, अंगावर कपडा ठेवत नाही. इथून आपल्या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो.

अमेरिकेत स्किनर या प्राध्यापकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून एक साधा नियम मांडला होता. कोणत्याही कृतीनंतर जे घडते, त्यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे पुष्कळसे ठरते. बैलाला शिकवणाऱ्या गड्याला हे सांगायला हार्वर्ड विद्यापीठ लागत नाही, असे तुम्ही म्हणाल. खरेच आहे. पण गडी ते अंदाजाने करतो. या लोकांनी ते मोजून करायला घेतले.

१९६४ साली माँट्रोज वुल्फ, टॉड रिज्ली आणि हेडन मीस या तिघांनी एका साडेतीन वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलाला त्यांनी डिकी म्हटले आहे. वॉशिंग्टन राज्यातील एका सरकारी मनोरुग्णालयात तो होता. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगे काढावी लागली होती. त्याने चष्मा लावला नाही तर दृष्टी कायमची जाईल, असे नेत्रवैद्यांनी बजावले होते. आणि हे मूल तर चेहऱ्याला हात लावू देत नव्हते. अंगावर आले की डोके आपटी, स्वतःला ओरबाडी, केस उपटी. रात्री आईबापांपैकी एकाने उशाशी बसून राहावे लागे.

मग त्यांनी काय केले? चष्मा नाकावर बसवलाच नाही. खोलीत नुसत्या रिकाम्या चौकटी ठेवून दिल्या. डिकीने एखादी उचलली की लगेच गोळीचा किंवा फळाचा तुकडा. मग हातात धरून ठेवली तर तुकडा. मग डोळ्यांच्या जवळ नेली तर. असे कणाकणाने पुढे सरकत चौकट नाकावर आली, आणि शेवटी तिच्यात खरी भिंगे आली. काही दिवस गाडे अडले तेव्हा त्यांनी जेवणाचे घासही याच कामी लावले. मला हे पटत नाही. भुकेल्या लेकराचा घास ही काही बक्षिसाची वस्तू नव्हे, आणि आज कोणी तसे करू नये. पण डिकी चष्मा लावू लागला, त्याची दृष्टी वाचली, हेही नाकारता येत नाही.

या हकीकतीतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग मात्र चष्म्याचा नाही. मुलगा दवाखान्यात सुधारला आणि घरी गेल्यावर पहिल्यासारखा झाला, तर काय उपयोग? म्हणून त्यांनी आईबापांना बोलावून घेतले. परिचारक मुलाच्या आकांताच्या वेळी काय करतो, झोपवताना काय करतो, हे त्यांनी पाहायचे. मग त्यांनी स्वतः करायचे आणि परिचारकाने पाहायचे. त्यानंतर मुलगा थोडा थोडा वेळ घरी, सोबत परिचारक. आणि मग कायमचा घरी. सहा महिन्यांनी आईने कळवले की चष्मा डोळ्यांवर आहे, आकांत थांबले आहेत, रात्री झोप लागते आणि बोलणे वाढत आहे. ज्या काळात शिकागोत आईबापांना फाटकाबाहेर ठेवत होते, त्याच काळात हजारो मैलांवर आईबाप शिकाऊ उमेदवार म्हणून आत बसले होते! पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, रॉबर्ट वॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. त्यातली मुले स्वमग्न नव्हती, हट्टी आणि त्रासदायक म्हणून आणलेली होती. पण लेखाचा मथळाच असा होता की आया आपल्याच मुलांच्या उपचारक होऊ शकतात.

आता नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिलला जाऊ. एरिक शॉप्लर हे जर्मनीतून लहानपणी कुटुंबासह निसटलेले ज्यू गृहस्थ. शिकले शिकागोलाच, पण बेटेलहाइम यांचे म्हणणे त्यांनी मुळीच मानले नाही. १९६६ पासून रॉबर्ट राइकलर यांच्यासह त्यांनी एक प्रकल्प चालवला. एका खोलीत शिक्षक मुलाला शिकवतो. भिंतीत एक काच, अशी की पलीकडून इकडचे दिसते पण इकडून पलीकडचे दिसत नाही. काचेआड आईबाप बसलेले, सोबत त्यांना समजावून सांगणारा दुसरा कार्यकर्ता. मग जागांची अदलाबदल. आई मुलापाशी, शिक्षक काचेआड. घरी करायच्या कामांची लेखी यादी मिळे. आईने ते करून पाहायचे, टिपण ठेवायचे, आणि पुढच्या वेळी सांगायचे, हे जमले, हे जमले नाही, याला हे आवडत नाही. शॉप्लर आईबापांना ‘सहउपचारक’ म्हणत. आपल्या मुलाला किती येते आणि किती येत नाही, याचा आईबापांचा अंदाज तपासणी करणाऱ्यांच्या अंदाजाशी बराच जुळतो, हेही त्यांनी १९७२ साली दाखवून दिले. त्याच साली त्या राज्याच्या विधिमंडळाने हा प्रकल्प राज्यभर कायमचा केला; टीच या नावाने तो जगात ओळखला जातो. त्यांच्याकडची एक युक्ती कोणत्याही खेड्यातल्या शाळेत करता येईल. दिवसाची कामे चित्रांनी ओळीने लावायची: दप्तर, पाटी, डबा, खेळ, घर. तोंडी सूचना हवेत विरते. चित्र जागेवर राहते. पुढे काय होणार हे कळले की मुलाची भीती उतरते.

तिसरे नाव ईवार लोव्हास यांचे, कॅलिफोर्निया विद्यापीठातले. हे नाव मी थोडे जड हाताने लिहितो. १९६०च्या दशकात त्यांनी मुलांना थपडा मारल्या, विजेचे झटकेसुद्धा दिले. १९६५ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकाने ते फोटोंसह छापले. मुले स्वतःला रक्तबंबाळ करून घेत, ते थांबवण्यासाठी हे केले असे त्यांचे समर्थन होते. समर्थन ऐकून घेऊनही मी म्हणेन की ते क्रौर्य होते. परंतु त्याच लोव्हास यांच्या १९७३च्या एका पाहणीने एक मोठी गोष्ट सिद्ध केली. त्यांच्याकडे शिकलेल्या वीस मुलांचे पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले. जी संस्थांत गेली ती शिकलेले विसरली. ज्यांच्या आईबापांना शिकवून तयार केले होते, त्यांनी मिळवलेले टिकवले किंवा त्यात भर घातली. १९८७ साली त्यांनी १९ मुलांना आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षे आणि अधिक, शिकवून त्यांतली नऊ सर्वसामान्य वर्गात बसू लागल्याचे जाहीर केले. त्यावर वाद झाला आणि तो रास्तही होता. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. त्या आकड्याने कित्येक आईबापांनी मात्र दिवसाचे तास मोजायला सुरुवात केली आणि कमी पडले की स्वतःला बोल लावला.

म्हणजे पहा, आईवरचा आरोप गेला, पण दुसऱ्या दाराने परत आला. पूर्वी म्हणत, तुझ्यामुळे झाले. आता म्हणू लागले, तू पुरेसे शिकवले नाहीस. ही शंका मनात ठेवूनच या इतिहासाकडे पाहिले पाहिजे. स्वमग्न माणसे स्वतः बोलू-लिहू लागल्यावर त्यांनीही काही खडे प्रश्न विचारले. १९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने टोरंटोच्या परिषदेत आईबापांना बजावले की आमच्यासाठी शोक करू नका. जे मूल तुम्हाला हवे होते ते मिळाले नाही म्हणून रडताना, जे समोर उभे आहे त्याला विसरू नका. हात हलवणे कोणालाही इजा करत नाही, मग ते थांबवायचे कशाला? डोळ्याला डोळा भिडवायला लावायचे कशासाठी, त्याला ते जाचत असेल तर? चांगले शिक्षण देणारे लोक आज आधी हे ठरवतात की बदलायचे काय आणि सोडून द्यायचे काय.

यातले सूत्र समजून घ्यायला आपल्या आठवडी बाजाराचे उदाहरण घेऊ. मूल भर बाजारात जमिनीवर लोळण घेते. लोक गोळा होतात. आई लाजेने अर्धमेली होऊन त्याच्या हातात जिलबी देते. मूल गप्प होते. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. आता शिकवणारा आईला सांगतो, तीन गोष्टी लिहून ठेवा: आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि त्यानंतर काय झाले. चार बाजारांचे टिपण पाहिल्यावर कळते की लोळण नेहमी भोंग्यावाल्याच्या गाडीपाशीच सुरू होते. म्हणजे त्याला जिलबी नको होती, त्या आवाजातून सुटका हवी होती! १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलांवर हेच दाखवले. आकांत हे एक प्रकारचे बोलणे आहे; तेच मागणे मागण्याची सोपी रीत मुलाला दिली की आकांत कमी होतो. कोणाला मदत हवी असते, कोणाला लक्ष. आपल्या मुलाला मग एक खूण शिकवायची: कानाला हात लावला की ‘इथून चल’. आणि त्याने ती खूण केली की आईने लगेच, खरोखर लगेच, तिथून निघायचे. खूण फुकट गेली तर तो पुन्हा लोळणार, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

सदरा घालायला शिकवायचा तर शेवटापासून. सगळी बटणे आईने लावायची, शेवटचे तेवढे मुलाने. ते लागले की शाबासकी. मग शेवटची दोन. असे उलटे चालत गेले की प्रत्येक वेळी काम पुरे होण्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो.

पण एक-एक काम पाहून घेतले की झाले, असे नाही. रॉबर्ट कीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवले की एखादे काम कसे शिकवायचे ते आईबापांना नुसते करून दाखवले, तर त्यांना तेवढेच येते. नवे काम आले की ती अडतात. त्यांना त्यामागचे नियम शिकवले, तर मात्र ती नवे कामही शिकवू शकतात. आम्ही शिक्षक मंडळी पाठांतर आणि समज यांविषयी जे सांगत असतो ते हेच.

आणि २०१५ साली एक मोठी कसोटी झाली. अमेरिकेतल्या सहा केंद्रांवर तीन ते सात वर्षांची १८० स्वमग्न मुले घेतली. निम्म्या आईबापांना स्वमग्नतेची माहिती दिली; निम्म्यांना वर्तन हाताळण्याचे प्रत्यक्ष शिक्षण दिले. २४ आठवड्यांनी पालकांनी भरलेल्या तक्त्यावर पहिल्या गटातील मुलांची चिडचीड आणि आकांत सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, दुसऱ्या गटात सुमारे ४८ टक्क्यांनी. नुसत्या माहितीनेही फायदा होतो, हे या आकड्यांत मला महत्त्वाचे वाटते. ज्याला काहीच मिळू शकत नाही, त्याने निदान खरी माहिती तरी मिळवावी.

आपल्या देशात? दिल्लीला मेरी बरुआ यांनी, ज्या स्वतः अशा मुलाच्या आई आहेत, १९९१ साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. शिकवणारी माणसे थोडी आणि मुले अफाट, हे पाहून २००० सालापासून तिथे आई आणि मूल यांनी जोडीने तीन महिने शिकण्याचा वर्ग सुरू झाला. दूरदूरच्या गावांहून माणसे येऊन, खोली भाड्याने घेऊन, तिथे राहून शिकली. गोव्यात तर त्याहून वेगळा प्रयोग झाला. ‘संगत’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांबरोबर ६५ मुलांचा एक अभ्यास केला; तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. घरोघर जाणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, या कामासाठी तयार केलेली साधी माणसे होती. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करायचे, आणि मग दोघांनी बसून ते पाहायचे: बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने हात पुढे केला. ही पद्धत बक्षिसांपेक्षा संवादावर भर देणारी, म्हणून वर्तनशिक्षणाची चुलतबहीण म्हणावी. त्या मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. जागतिक आरोग्य संघटनेनेही साध्या कार्यकर्त्यांकडून शिकवता येईल असा नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटींचा पाठ तयार केला आहे.

आपल्या खेड्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच पालघरहून. त्याची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुले तपासायला येतात. वाढीतला आणि वर्तनातला फरकही त्यांनी पाहायचा असतो, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. पथक आले की गुरुजींनी आणि बाईंनी ते मूल पुढे करावे. ‘आज तो त्रास देईल’ म्हणून त्याला घरी ठेवू नये.

डोनाल्डचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा त्याला एका संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षभराने आईबापांनी, तिथल्यांचा सल्ला न मानता, त्याला घरी आणले. नंतर काही वर्षे तो गावाजवळच्या एका शेतकरी नवराबायकोंकडे राहिला. त्याला मोजण्याचा भारी नाद. कॅनर १९४५ साली तिथे गेले तेव्हा त्यांनी जे पाहिले ते पुढे लिहून ठेवले. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजी, म्हणून शेतकऱ्याने त्याला सांगितले, नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. डॉक्टरांसमोर त्याने सहा लांब ओळी नांगरल्या आणि घोडाही नीट वळवला. मापांचे वेड म्हणून त्याला विहिरीच्या खोलीचे काम दिले. मेलेली पाखरे आणि किडे गोळा करी, तर त्यांना पुरायला एक कोपरा नेमून दिला. त्या शेतकऱ्याने मानसशास्त्राचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली, ८९ वर्षांचा होऊन, वारला.

हे सारे मी त्या शिक्षिका बाईंना पत्राने कळवले. दिवाळीनंतर त्यांचे उत्तर आले. मुलाची जिल्ह्याच्या केंद्रात तपासणी झाली. महिन्यातून दोनदा आई त्याला घेऊन एस.टी.ने तिथे जाते आणि शिकून येते. वर्गात आता घंटेच्या आधी बाई त्याला घंटेचे चित्र दाखवतात. तो कानांवर हात ठेवतो, पण जागेवर बसून राहतो. आई अजूनही फाटकाशी बसते, मात्र मधल्या सुट्टीपर्यंतच.